हातभर इंजिन, दहा हात पातं

आपल्याकडे कुठलीही वस्तू घेताना एक माप जास्त घ्यायची पद्धत आहे. मुलाचा गणवेश वाढत्या अंगाचा, कुकर सात माणसांचा (घरात माणसं तीन), आणि कपाट दारातून आत जाईल की नाही याचा विचार ते दारात येऊन अडकल्यावर. यात कुणाचं फारसं बिघडत नाही. मुलगा वाढतो, पाहुणे आले की कुकर भरतो. पण हाच न्याय लाकूड कापायच्या यंत्राला लावायचा म्हणजे हद्द झाली. इंजिन काही वाढत्या अंगाचं नसतं हो! ४५ सी.सी.चं इंजिन दहा दिवाळ्या गेल्या तरी ४५ सी.सी.चंच राहतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या ज्या वाड्यांत कोयता-कुऱ्हाडीवर भागत होतं, तिथेही पेट्रोलवरची चेन सॉ आली. गावात तिला 'कटर' म्हणतात, आणि कटर आला की ओसरीवर पहिला प्रश्न ठरलेला : "केवढ्याचा?" याचं उत्तर रुपयांत नव्हे, इंचांत द्यायचं असतं. "बावीस इंची!" म्हटलं की ऐकणाऱ्याची मान डोलते. इंजिनाची चौकशी कुणी करीत नाही. मुलाची उंची विचारायची आणि नोकरी विचारायची नाही, असलं हे स्थळ बघणं.

दुकानदार तर टपलेलाच असतो. तालुक्याच्या गावी माझ्यासमोर झालेला हा संवाद :

"काका, सोळा इंची काय नेताय? तुमच्या वाडीला शोभत नाही. हा बावीसचा बसवून देतो."

"इंजिन ओढेल ना पण?"

"न ओढून जातंय कुठे!"

ते कुठे जातं ते सांगतो. चेनीचे जितके दात एका वेळी लाकडात, तितक्यांना इंजिनाने पोसायचं असतं. नेहमीच्या तीन अष्टमांश पिचच्या चेनीला साधारण दीड इंचाला एक दात येतो. म्हणजे बारा इंची बुंध्यात आठ दात, चोवीस इंचीत सोळा. कमावता एक आणि खाणारी तोंडं दुप्पट! हे दोन-स्ट्रोकचं इंजिन पळतं तोवरच ताकदीचं. ओझं वाढलं की फेरे उतरतात, क्लच घसरतो, तापतो, आणि आवाज 'गर्र' सोडून कण्हायला लागतो. तेल सोडणारा छोटा पंपही सोळा इंचांच्या हिशेबाने बनवलेला. बावीसाव्या इंचाला पोचेपर्यंत त्याचा धीर सुटतो, मग बारचं टोक कोरडं घासून निळं पडतं.

आता कुणी म्हणेल, लाकूडच बारीक असलं तर? दात मोजकेच गुंततील, मग लांब बारने काय बिघडलं? बिघडलं हे की सहा इंच लोखंड पलीकडून बाहेर नाचतं. तिथे गडगा असतो, माती असते, दुसरी फांदी असते. टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला, की पुरी चेन सॉ डोळ्याचं पातं लवायच्या आत उसळून मागे येते. कुणाच्या अंगावर? बावीस इंच मिरवणारे मालक ओसरीवर चहा पीत असतात. यंत्र रोजंदारीवरच्या गड्याच्या हातात, त्याच्या पायात स्लिपर आणि डोक्याला टॉवेल. ही असली हौस स्वतःच्या तोंडासमोर धरून करावी, दुसऱ्याच्या नव्हे.

वास्तविक हिशेब अवघड नाही. ३५-४० सी.सी.ला चौदा ते सोळा इंच, पन्नासच्या आसपास सोळा-अठरा, साठला वीस. चोवीसच्या पुढे जायचं तर सत्तरच्या वरचं इंजिन हवं, आणि ते उचलणारा माणूसही. शिवाय सी.सी. म्हणजे भांड्याचं माप. आत किती ताकद शिजते ते पुस्तिकेत किलोवॅटमध्ये दिलेलं असतं, पण पुस्तिका खोक्याबरोबर बंबात जाते.

चेनीची पत्रिका आणखी निराळी. पिच, गेज आणि कड्यांची संख्या ही तिची रास, नाडी आणि गोत्र. पिच दातेरी चाकाशी जुळलं नाही तर चेन चाकालाच खाते. गेज बारच्या खाचेहून जाड असेल तर आत शिरत नाही, बारीक असेल तर खाचेत कलते आणि काप वाकडा जातो. वीस इंची बारला पुष्कळदा ७२ कड्यांची चेन लागते आणि तिला बरोबर ३६ दात असतात. छत्तीस गुण! घरच्या लग्नात अठरावर समाधान मानणारे आपण, इथे एकही न बघता अक्षता टाकतो.

गंमत म्हणजे या दातांचा गुरू एक अळी आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली भुंग्याची अळी लाकूड खाताना निरखली. ती डावी-उजवीकडे आळीपाळीने कुरतडत जाते हे पाहून त्याने तशा दातांची चेन बनवली, आणि आजची चेन तिचीच लेक. पण अळीची अक्कल त्या चेनीबरोबर आली नाही. अळी आपल्या जबड्याला झेपेल तेवढंच खाते. शेजारणीचा जबडा मोठा म्हणून तो बसवून घेत नाही.

राहिला तो आंब्याचा तीस इंची बुंधा, ज्याच्या नावावर बावीस इंची बार खपतात. तो अठरा इंची बारने एका अंगाने अर्धा, दुसऱ्या अंगाने अर्धा असा कापता येतो. दोन माणसांची करवत ओढणाऱ्यांना दोन्ही अंगांचं हे शास्त्र नवं नव्हतं. त्या गड्याला एकदा दुकानात न्या आणि बार त्याला निवडू द्या. तो आधी यंत्र उचलून बघेल, आणि मग लाकूड केवढं आहे ते विचारील.