इंटरनेटवरील आरोग्यसल्ला : विश्वास कोणावर ठेवावा?

आजार उद्भवला की दवाखान्याची पायरी चढण्याआधी इंटरनेटवर शोध घेण्याची सवय आता घरोघरी रुळली आहे. माहिती सहज मिळते ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ती पारखून घेण्याची जबाबदारीही त्यामुळे वाचकांवर येऊन पडते.

१९९८ साली ‘द लॅन्सेट’ या ख्यातनाम ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणावरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा ऑटिझमशी संबंध असावा, असे त्यात सुचविले होते. लसउत्पादकांविरुद्ध दावा चालविणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांनी पैसे घेतल्याचे पुढे उघडकीस आले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला व त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढण्यात आले. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासातही असा संबंध आढळला नाही. तरीही ती अफवा इंटरनेटवर जिवंतच आहे.

अशा अफवांची झळ आपल्या देशालाही बसली. २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हा तामिळनाडूत व्हॉट्सॲपवरील संदेशांमुळे अनेक पालकांनी लस नाकारली. गोवर हा किरकोळ आजार नव्हे. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात त्याची साथ पसरली, तेव्हा बाधितांपैकी अनेक बालकांना लस मिळालेली नव्हती. कोविडकाळात खंडित झालेले लसीकरण हेही त्याचे एक कारण होते.

मग सत्य ओळखावे कसे? चार प्रश्न विचारावेत. लेखकाचे नाव व पात्रता दिली आहे काय? मजकूर कधीचा आहे? दावा एकदोघांच्या अनुभवावर आधारलेला आहे की मोठ्या अभ्यासावर? आणि तो खरा मानल्यास कोणाचा धंदा वाढतो? केवळ मानचिन्हावर विसंबू नये. जिनिव्हाच्या ‘हेल्थ ऑन द नेट’ संस्थेची प्रमाणपत्र योजना २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे तिचे चिन्ह कुठे दिसले तरी ते आजची हमी ठरत नाही.

शोधनिबंधाचा हवाला दिलेला असल्यास तो मागे घेतला गेला आहे काय, हेही पाहावे. ‘पबमेड’ या विनामूल्य संग्रहात तशी नोंद असते. शंका उरल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि तोवर तो संदेश पुढे पाठवू नये. आपण सद्हेतूने पाठविलेला खोटा सल्लाही दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर बेतू शकतो.