पळणारी एकटी का पडते?

परवा बहिणीकडे गेले होते. भाची कॉम्प्युटरपुढे बसलेली, कानांना हेडफोन. पडद्यावर धुक्यात बुडालेलं ओसाड आवार, जिवाच्या आकांताने पळणारी एक मुलगी, आणि तिच्यामागे हत्यार घेतलेला माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय गं हे! पेपरात रोज वाचतो ते कमी पडतं का?" ती म्हणाली, "मावशी, रागावू नको. पाच मिनिटं बस आणि बघ."

पाच मिनिटांचा तास झाला. त्या तासाने मला जे विचारात पाडलं, ते तुमच्यापुढे ठेवावंसं वाटतं.

खेळाचं नाव 'डेड बाय डेलाइट'. कॅनडातल्या 'बिहेवियर इंटरॅक्टिव्ह' या कंपनीने तो २०१६ साली आणला. इंटरनेटवरून पाच जण एकत्र खेळतात. एक मारेकरी, बाकी चौघे जीव वाचवणारे. चौघांच्या हाती शस्त्र नाही. आवारात सात जनरेटर बंद पडलेले असतात. त्यातले पाच दुरुस्त केले की फाटकाला वीज मिळते आणि फाटक उघडून बाहेर पडता येतं. तोवर मारेकरी एकेकाला गाठतो आणि हूकला टांगतो. टांगलेल्याला सोडवायला सोबत्यांनी धावून जावं लागतं.

भाचीने पळण्याच्या युक्त्या समजावल्या. मारेकरी जवळ आला की छातीची धडधड ऐकू येते, तिकडे कान ठेवायचा. धावलं की मागे लाल खुणा उमटतात आणि त्या मारेकऱ्याला दिसतात. चालत गेलं तर उमटत नाहीत. सरळ रेषेत कधी पळायचं नाही, कारण बहुतेक मारेकऱ्यांचा वेग पळणाऱ्यापेक्षा जास्त असतो. खिडकी, भिंत, आडवी पाडता येणारी लाकडी फळी, यांच्याभोवती त्याला फिरवत ठेवायचं.

मनात आलं, यात नवीन काय आहे? नागपुरातली कुठलीही मुलगी हे बारा-तेराव्या वर्षापासून शिकते. बर्डीवरून घरी यायचा रस्ता बदलायचा. ट्यूशनची बॅच बदलायची. फोनचा नंबर बदलायचा. गाडीवर बसताना चेहऱ्याला स्कार्फ घट्ट बांधायचा, आणि त्याचं ऊन हे अर्धंच कारण असतं. मागे वळून बघायचं नाही, पण मागे कोण आहे ते कळलं पाहिजे. या विद्येत आपण साऱ्या पदवीधर आहोत!

पण भाची पुढे जे बोलली ते मला नवीन होतं. "मावशी, मी एकटी पळून सुटणार नाहीच. तो माझ्यामागे आहे तोवर बाकी तिघी जनरेटर दुरुस्त करताहेत. मी एक मिनिट टिकले, तर त्यांचं तीन मिनिटांचं काम होतं." त्या तिघी तिच्या मैत्रिणी, फोनवर जोडलेल्या. मारेकरी कुठे आहे, कोण टांगलं गेलं, सोडवायला कोण जातंय, सतत बोलणं चालू. आणखी एक गोष्ट तिने दाखवली. काहीच न करता कुणी एका जागी बसून राहिलं, तर त्याच्या डोक्यावर कावळे घिरट्या घालू लागतात आणि ती जागा मारेकऱ्याला कळते.

मैत्रिणींनो, आपल्या गल्लीत या 'बाकी तिघी' काय करत असतात? मुलीमागे कुणी लागला हे घरात कळलं की पहिला प्रश्न येतो, "तू कायले जात होतीस तिकडून?" मग तिचा क्लास बंद होतो, फोन काढून घेतला जातो, लग्नाची घाई सुरू होते. शेजारी खिडकी लावून घेतात. पळायचं तिनेच, आणि आवारही तिचंच लहान करायचं. आपण मात्र लपून बसतो आणि त्याला शहाणपण म्हणतो. आपल्या डोक्यावरचे कावळे आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

याची किंमत आपण पाहिली आहे. १९९० साली उल्हासनगरला दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच जाळून मारलं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. आठवडाभराने इथे नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली. दोन्ही घटनांत तीस वर्षांचं अंतर, आणि दोन्ही वेळा वर्तमानपत्रांचा शब्द एकच, 'एकतर्फी प्रेम'. पाठलागाला प्रेम म्हणणं आपण कधी थांबवणार?

कायद्याने तो शब्द केव्हाच सोडला. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. तिने नकार स्पष्ट केल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणं, संपर्क साधणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं, हे सारं त्यात येतं. मात्र पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे तक्रार करून ती घरी येते आणि मागोमाग तोही सुटून येऊ शकतो. नेमक्या त्या दिवसांत ती एकटी असता कामा नये.

खेळ आणि आयुष्य एक नव्हे, हे मला कळतं. माणूस टांगण्याची करमणूक मला आजही रुचत नाही. तिथे डाव संपला की मारेकरी उठून चहा प्यायला जातो. इथला दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपऱ्यावर उभा असतो. आणि खेळातसुद्धा मुलींची सुटका नाही. अनोळखी मुलांसोबत खेळताना भाची मुलाचं नाव लावते, माइक बंद ठेवते. आवाज मुलीचा आहे हे कळलं की घाणेरडे निरोप सुरू होतात. पडद्यावरच्या मारेकऱ्याला चुकवणारी मुलगी पडद्याबाहेरच्यालाही चुकवत असते.

तरीही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना खेळातून जे उमगलं, ते आपल्या बैठकांत उमगायला हवं. पुढच्या वेळी एखादी मुलगी आपल्याकडे आली, तर "तू रस्ता बदललास का?" हा प्रश्न नको. कामं वाटून घेऊ या. एकीने तिच्यासोबत ठाण्यात जायचं आणि तक्रारीची प्रत हातात पडेपर्यंत उठायचं नाही. एकीने आलेले निरोप तारीखवार जपायचे, पुसू द्यायचे नाहीत. एकीने घरच्यांशी बोलायचं, म्हणजे तिचं शिक्षण सुटणार नाही. ११२ आणि १८१ हे नंबर प्रत्येकीला पाठ हवेत.

पळायला मुलींना कुणी शिकवायची गरज नाही. ती पळत असताना आपण कुठला जनरेटर हाती घेतला होता, एवढंच आपण स्वतःला विचारू या.