कापड बेतणारे अब्बा आणि कंपायलर



गेल्या महिन्यात एका निकाहसाठी गंगापूरला गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी मला बाजूला घेतले. त्यांचे शिलाईचे दुकान आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असून रोज एसटीने छत्रपती संभाजीनगरला ये-जा करतो. "भाईजान, पोराला जरा समजवा. याच्या बरोबरीची मुले पुण्यातल्या नोकरीची तयारी करताहेत आणि हा म्हणतो, कंपायलरमध्ये संशोधन करायचे आहे. हे असते काय? आणि त्यावर पोट भरते का?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. मुलगा मान खाली घालून शेजारीच उभा होता. मी म्हटले, "आधी अब्बांना कळेल असे सांग."

तो थोडा अडखळला, मग बोलू लागला. "अब्बा, प्रोग्रॅम लिहितात तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला कळतात फक्त शून्य आणि एक. मधला दुभाषी म्हणजे कंपायलर. पण तो नुसता तर्जुमा करत नाही. तुम्ही बाही, कॉलर, कफ असे बेतता की कापड कमी लागावे, तरी सदरा गिऱ्हाइकाने सांगितला तसाच व्हावा. कंपायलरही तेच करतो. काम सांगितले तेच, पण वेळ आणि मेमरी कमी."

"आणि कतरण?" वडिलांनी विचारले.

"पुढे लागणार असेल तर ठेवायची, नाहीतर टेबल मोकळे करायचे. प्रोग्रॅममधली कोणती किंमत पुढे लागणार आहे, हे कंपायलर आधीच शोधून ठेवतो. त्याला लाइव्हनेस अ‍ॅनालिसिस म्हणतात."

वडील हसले. पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्याचे उत्तर मी दिले, ते इतर घरांच्याही उपयोगी पडावे म्हणून इथे लिहितो.

हे काम फक्त परदेशात चालते असे नाही. मुंबईच्या पवईतील आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरवर संशोधन केले, पुस्तके लिहिली. तिथलेच प्रा. उदय खेडकर यांनी दोन सहलेखकांसह डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवर लिहिलेला ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. कतरण ठेवायची की टाकायची, हा हिशेब याच विषयातला. त्याच आयआयटीत शिकलेले विक्रम अडवे पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे २००० साली ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने त्यांच्यासोबत एलएलव्हीएमचे काम सुरू केले. आज आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींचे सॉफ्टवेअर तयार करताना त्याचा वापर होतो. म्हणजे एका विद्यार्थ्याचे संशोधन आपल्या खिशापर्यंत पोचले आहे.

रस्ताही ठरलेला आहे. गेट परीक्षा तिसऱ्या वर्षात असतानाही देता येते आणि तिचे गुण तीन वर्षे चालतात. कॉम्प्युटरच्या पेपरात कंपायलर हा विषय आहेच. गेटमधून आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. पुढे पीएच.डी.ची फेलोशिप सुरुवातीला ३७,००० रुपयांची असते. पैसा भरपूर नाही, पण घरावर सगळा भार पडत नाही. शिवाय चिप आणि मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना कंपायलर जाणणारे लोक लागतात. मात्र जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. हे घरापासून लपवू नये.

मग मी मुलाकडे वळलो. "आजवर स्वतः काय लिहिलेस?"

"व्हिडिओ पाहिलेत, चाचा. लिहिले काही नाही."

वडील पटकन म्हणाले, "दुसऱ्याचे शिवण बघून शिलाई येत नाही."

याहून नेमका सल्ला मला देता आला नसता. घरात वीस वर्षे कारागिरी पाहणाऱ्या मुलाला प्राध्यापक बाहेर शोधण्याआधी एक उस्ताद घरातच होता. तिथेच करार ठरला. मुलाने चार महिन्यांत एक छोटी भाषा आणि तिचा कंपायलर स्वतः लिहायचा. आधी बेरीज-वजाबाकी, मग कंस, मग अटी. जमले आणि गोडी टिकली, तर गेटचे दोन प्रयत्न वडिलांना मंजूर. तोवर नोकरीची तयारीही सुटणार नाही, कारण धाकट्या बहिणीचे शिक्षण अजून बाकी आहे. मुलानेही ते मान्य केले.

वाचकहो, मूल अनोळखी विषयाचे नाव घेते तेव्हा आपण लगेच "नको" म्हणतो, नाहीतर कौतुकाने "हो" म्हणून मोकळे होतो. दोन्ही सोपे आहे. विषय समजून घ्यावा, मुदत द्यावी आणि हातचे काम पाहावे. यात कष्ट आहेत, पण मुलाचे आयुष्यही यातच घडते.

परवा त्याचा फोन आला. "चाचा, बेरीज चालते. कंसात कंस आला की अडते."

"अब्बा काय म्हणतात?"

"म्हणतात, उसव आणि पुन्हा शिव."