दानपेटी आणि चिंचपाडा

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूरजवळ चिंचपाडा आहे. 1998पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यात होता, आज नंदुरबारमध्ये आहे. मिशनऱ्यांचा वारसा सांगणारं इथलं ख्रिस्ती रुग्णालय आता इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था चालवते. क्षयरोग, सिकलसेल आणि अवघडलेली बाळंतपणं या भिल्ल-गावित पाड्यांच्या रोजच्या व्यथा. दिवाळीनंतर इथली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. मग औषधाचा कोर्स अर्धवट राहतो, मुलांची शाळा सुटते आणि मुकादमाची उचल फिटता फिटत नाही.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात येशू भुकेल्या आणि आजारी माणसाच्या जागी स्वतःला ठेवतो. आपल्या ख्रिस्ती मंडळ्या तो अध्याय श्रद्धेने वाचतात, पण दानपेटीतला मोठा वाटा इमारतीवरच जातो, हे मला मनापासून खटकतं. गरिबाची सेवा धर्म न विचारता, कसलीही अट न घालताच व्हायला हवी. जळगाव-धुळ्याच्या मंडळ्यांनी या नाताळच्या दानातला ठरावीक वाटा स्थलांतरित कुटुंबांच्या उपचारांसाठी आणि मुलांच्या शाळेसाठी बाजूला काढावा. पाळकांनी हा विषय येत्या रविवारीच मंडळीपुढे मांडावा, ही माझी कळकळीची विनंती.