घंटेऐवजी दिवा

टेलिफोनचा जन्म बहिऱ्यांच्या शाळेच्या ओसरीवर झाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा पेशाने मास्तर. बोस्टनमध्ये ऐकू न येणाऱ्या मुलांना तो बोलायला शिकवी. त्याच्या आईला कमी ऐकू येई, आणि १८७७ साली ज्या मेबलशी त्याने लग्न केले, तिचे कान पाच वर्षांची असताना तापात गेलेले. लग्नाच्या आदल्याच वर्षी त्याने टेलिफोनचे पेटंट मिळवले होते. आता गंमत पाहा. नवऱ्याचे ते यंत्र साऱ्या जगाशी बोलले; बेलबाईंशी मात्र बोलले नाही!

पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हेच चालले. उलट, फोन जसजसा घरोघर गेला तसतशी बहिऱ्या माणसाची अडचण वाढतच गेली. पूर्वी कामासाठी सगळ्यांनाच चिठ्ठी लिहावी लागे, नाहीतर उठून जावे लागे. आता डॉक्टरची वेळ, नोकरीची चौकशी, आजाऱ्याची खबर, सगळे तारेवर गेले. ज्याला ऐकू येत नाही त्याने शेजाऱ्याचे आर्जव करायचे, नाहीतर स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला फोनवर उभे करायचे.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या एका मावसबहिणीचे कान लहानपणीच्या दुखण्यात गेले. ताई ओठ वाचते. पुष्कळांना वाटते, ओठ वाचणे म्हणजे वर्तमानपत्र वाचण्यासारखे सोपे असावे. वाचकहो, जरा आरशासमोर उभे राहून आवाज न करता ‘बाबा’, ‘पापा’ आणि ‘मामा’ म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ अगदी एकसारखे मिटतात. दारात बाबा आले की मामा, हे तिने मागच्यापुढच्या संदर्भावरून ताडायचे! त्यांच्याकडे फोन आला तेव्हा सगळ्या घराला केवढा आनंद. ताईला मात्र धूळ पुसायची एक वस्तू वाढली. तिच्या लग्नाच्या बोलण्यात मुलाकडचा फोन आला, तो भावाने घेतला. चांगला पाच-सात मिनिटे बोलला, दोनदा हसला, आणि फोन ठेवून तिला म्हणाला, “सगळे ठीक आहे.” त्या पाच-सात मिनिटांत काय बोलणे झाले, हे ताई अजून अधूनमधून विचारते.

हा फोन बहिऱ्यांसाठी उघडला तो एका बहिऱ्यानेच. कॅलिफोर्नियातले रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे पदार्थविज्ञानाचे शास्त्रज्ञ, शिवाय हौशी रेडिओवाले. जन्मापासून बहिरे. त्यांना साथ मिळाली ती पॅसाडेनाचे जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स यांची. मार्स्टर्स वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर आणि सॅक्स व्यावसायिक; दोघेही बहिरेच. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पूर्वी खडखडत बातम्या छापणारे टेलिप्रिंटर जुने झाले की भंगारात निघत. तसली धुडे त्यांनी मिळवली. पण अडचण अशी, की टेलिफोन कंपनी आपल्या तारेला परकी तार जोडू देत नसे.

वाइटब्रेख्टनी तार जोडलीच नाही. त्यांनी एक पेटी केली. टेलिफोनचा रिसीव्हर उचलून त्या पेटीवर निजवायचा. इकडे अक्षर दाबले की पेटी त्याचे सूर करी. ते सूर फोनच्या तोंडात शिरत, पलीकडच्या फोनच्या कानातून बाहेर पडत आणि तिकडची पेटी त्यांचे पुन्हा अक्षर करी. कंपनीच्या दृष्टीने फोनवर कोणीतरी शिट्ट्या मारत होते, एवढेच! मे १९६४ मध्ये वाइटब्रेख्ट आणि मार्स्टर्स यांच्यात पहिले लांबचे संभाषण झाले. आधी कागदावर नुसती गिचमीड उमटली. दुरुस्ती केल्यावर वाक्ये वाचता येऊ लागली. फोन आला हे कळण्यासाठी घंटेऐवजी दिव्याची उघडझाप होई.

दोघांनी एकाच वेळी लिहिले की सगळा घोटाळा होई. म्हणून आपले सांगून झाले की शेवटी ‘जीए’ ही दोन अक्षरे टाकायची. अर्थ, ‘आता तुम्ही बोला’. (मराठी वाचकाला ‘जीए’ म्हटले की दुसरेच कोणी आठवणार, त्याला इलाज नाही.)

पण यंत्र दोन्हीकडे हवे. वाण्याकडे किंवा दवाखान्यात ते कुठून असणार? म्हणून मध्ये एक माणूस बसवण्याची सोय निघाली. बहिऱ्याने लिहायचे, मधल्याने ते पलीकडे वाचून दाखवायचे आणि तिकडचे उत्तर टाइप करायचे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने ही सोय सक्तीची केली आणि १९९३ पासून ती देशभर सुरू झाली. ऐकलेले बाहेर फोडायचे नाही, असे त्या मधल्या माणसावर बंधन असे. तरी पुष्कळ लोक काहीतरी विकणाऱ्याचा फोन समजून मधल्याचे पुरते ऐकून न घेताच तो आपटत.

आपल्याकडे ती धुडे घराघरांत आली नाहीत. आपल्याकडे आला तो एकदम खिशातला फोन. २०१९ साली गूगलने बोललेले शब्द तिथल्या तिथे पडद्यावर लिहून दाखवणारी सोय आणली. ती घडवणाऱ्यांत दिमित्री कानेव्हस्की हे शास्त्रज्ञ प्रमुख, आणि त्यांनाही लहानपणापासून ऐकू येत नाही. मराठी बोलणेही आता असे उतरवता येते. अर्थात कुकरची शिट्टी, मिक्सर आणि एकदम बोलणाऱ्या तीन जावा यांच्यापुढे त्या यंत्राचीही मती गुंग होते. आडनावांचे तर ते काय करील ते सांगता येत नाही.

ताईने ते प्रथम वापरले दवाखान्यात. डॉक्टर नेहमीप्रमाणे तिची प्रकृती तिच्या भावाला विचारू लागले. तिने फोन टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “मला सांगा.” भाऊ बाहेर बाकावर जाऊन बसला. अर्ध्या तासाने ती आली, तेव्हा त्याने काळजीने विचारले, “काय म्हणाले गं?”

“सगळे ठीक आहे,” ताई म्हणाली आणि चालू लागली.

पण लिहिलेले शब्द म्हणजे सगळ्यांचीच सोय नव्हे. अनेक बहिऱ्यांची पहिली भाषा हातांची असते. लिहिलेली मराठी त्यांना नंतर शिकावी लागते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, आणि सरकारी संस्थेने २०२१ पर्यंत केलेल्या तिच्या कोशात दहा हजार शब्द आहेत. बेलमास्तरांचा शाळांतल्या या हातांच्या भाषेला विरोध होता. मुलांनी ओठांनीच बोलावे, हा त्यांचा आग्रह. माझ्या मते यंत्रात मोठा असलेला माणूस इथे हट्टात सापडला.

सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील व्हिडिओद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे हजर झाल्या, तेव्हा पडद्यावर दुसऱ्या चौकटीत त्यांचा दुभाषी होता. न्यायालयातले बोलणे तो हातांनी त्यांच्यापर्यंत पोचवत होता. म्हणजे मधला माणूस आहेच; पण वकील त्या आणि तो त्यांचा मदतनीस.

दादरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत कधी कधी कोपऱ्यात एखादा तरुण दिसतो. फोन बॅगेला टेकवून उभा केलेला, कारण बोलायला दोन्ही हात मोकळे हवेत. उजेड तोंडावर येईल असा तो उभा असतो, आणि पलीकडच्याशी कडाकडा भांडत असतो.