दुव्याखालची रेघ

मे महिना संपत आला की आमचे आजोबा कौलं परतायला घ्यायचे. फुटलेलं बदलायचं, सरकलेलं बसवायचं. पावसात घर गळलं नाही की काम फत्ते. कौतुक मात्र कुणी करत नसे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचंही तसंच आहे.

आपल्या ई-अंकाची पानं मी ‘बूटस्ट्रॅप’ या फ्रेमवर्कवर मांडतो. ट्विटरमध्ये तयार झालेलं हे फ्रेमवर्क 2011 मध्ये सर्वांना मोफत खुलं झालं. पण असा सांगाडा एकट्याच्या बळावर उभा नसतो. तो इतरांच्या छोट्या छोट्या पॅकेजवर टेकलेला असतो. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अवघ्या 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभर कितीतरी प्रकल्प अडले. अपडेट केलं तर काहीतरी मोडायची भीती, नाही केलं तर जुनी भोकं तशीच. हे तपासत बसणारे अनेक जण आपली नोकरी सांभाळून, विनामोबदला बसतात.

2021 मध्ये बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीत दुव्यांखाली कायमची रेघ आली. पूर्वी ती माउस नेल्यावरच दिसायची. ज्याला रंगांतला फरक कळत नाही, त्याला दुवा ओळखायला हीच रेघ उपयोगी पडते.

रेघ फ्रेमवर्क देईल, शब्द मात्र आपलेच. माझा एक दृष्टिहीन मित्र ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन-रीडर वापरतो. त्यात पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी मिळते. गेल्या अंकाची यादी त्याने मला ऐकवली : “अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा...” मग म्हणाला, “यातली तुझी कविता कुठली रे?” मी गप्प. चूक बूटस्ट्रॅपची नव्हती, माझी होती.

मंडळात आपण एकेका शब्दावर तासभर वाद घालतो, आणि दुव्याचे शब्द कुठूनही उचलून चिकटवतो. माझं म्हणणं एवढंच : प्रत्येक दुव्यावर त्या लेखाचं नाव हवं. आणि संपादक मंडळात डागडुजीसाठी एक जण नेमावा. अंकाआधी अपडेट पाहणारा, चूक सापडली तर मूळ प्रकल्पाला कळवणारा. “चाललंय ना, कशाला हात लावतोस?” असं काहीजण म्हणतील. कौलंही पहिल्या पावसापर्यंत चालतातच की!

या अंकातले दुवे मी बदललेत. मित्राला माझी कविता सापडली. आवडली नाही म्हणाला. पण वाचून म्हणाला.