सगळाच ताप मलेरिया नसतो

वडशाला राहणारा माझा थोरला भाऊ ऐन उमेदीत झाडीपट्टीच्या नाटकांतून कामे करी. मंडईच्या दिवसांत उजाडेपर्यंत त्याचे संवाद घुमत. दोन वर्षांपूर्वी त्याच भावाने मला दारात विचारले, "आपण कोण?" घरात ठरूनच गेले होते, दादाला अल्झायमर झाला, आता इलाज नाही. वहिनींनी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्याही बंद केल्या होत्या. "भाऊजी, त्या देऊन आठवण थोडीच परत येणार?" त्यांचा तरी काय दोष!

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर, हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. गडचिरोलीच्या माणसाला खरे तर यातला फरक समजायला अवघड जाऊ नये. ताप आला की आपल्याकडे आधी रक्ताचा नमुना घेतात. मलेरियात ताप येतो, पण सगळाच ताप मलेरियाचा नसतो. स्मृतिभ्रंश हा तसा ताप आहे. स्मरण, भाषा, व्यवहार यांची इतकी पडझड होते की रोजचे जगणे अडते. अल्झायमर हे त्यामागचे एक कारण, जगात सर्वाधिक आढळणारे. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ते प्रथम मांडले. त्यात माणूस हळूहळू, उतारावरून घसरावा तसा घसरत जातो.

दादा मात्र पायरी-पायरीने उतरला होता. चार महिने बरा, मग एका सकाळी अचानक धोतर नेसता येईना. नागपूरला स्कॅन काढला, तेव्हा मेंदूत लहान-लहान झटक्यांच्या खुणा निघाल्या. रक्तवाहिन्या तुंबल्याने आलेला हा स्मृतिभ्रंश. गेलेले परत येत नाही, पण पुढचा झटका टाळण्याची आशा असते ती त्याच बंद केलेल्या गोळ्यांत! पक्षाघात आपल्याकडे परका नाही. शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातल्या ८६ गावांतले मृत्यू तपासले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघाले. सात मृत्यूंमागे एक.

थायरॉईड, बी-१२ची कमतरता, खोल उदासी यांनीही असाच विसर पडतो आणि उपचारांनी तो पुष्कळदा भरून येतो. पहिल्या दोन्हींना साधी रक्ततपासणी पुरते.

बँकेत असताना सही जुळत नाही म्हणून कितीतरी म्हाताऱ्यांच्या स्लिपा मी परत केल्या. म्हातारचळ म्हणून हसलोही. रक्तदाब तपासलात का, असे एकालाही विचारले नाही.

वहिनी आता रोज सकाळी गोळी देतात. दादा मला अजून ओळखत नाही. परवा त्याने मला दरबारातला प्रधान समजून खणखणीत आवाजात आत बोलावले. मी मुजरा करून आत गेलो.